उमाळे सरांची हमी

सर गेल्याचं मला राळेगावच्या एस.टी. स्टँडवर कळलं. गेमसिंग राठोड तिथे सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर बसून गाडीची वाट पाहत होता. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आता तो त्याच्या तांड्यावर शेती करतो आणि मी यवतमाळला कालव्याच्या ऑफिसात कारकुनी करतो. गाडीतून उतरताना मी दिसलो की तो एक शिवी देतो, ती त्या दिवशी दिली नाही.

"सर गेले ना राजा," तो म्हणाला.

"कोणते?"

"कोणते काय बे... आपल्याले सर एकच होते."

शाळेच्या कचेरीत, खुर्चीतच गेले. हातातला चहा पुरा झाला नव्हता म्हणे. गेमसिंगच्या आईने, त्याच्या याडीने, ऐकल्यावर दिवसभर चूल पेटवली नाही. मी घरी आलो, जेवलो, ऑफिसातून आणलेलं काम संपवलं. त्यानंतरच्या आठवड्यांत वर्तमानपत्रांतून सरांवर बरंच छापून आलं. एकाने त्यांना कृषिशिक्षणाचे भगीरथ म्हटलं. भगीरथाने गंगा आणली होती. आमच्या शाळेच्या विहिरीला पाणी चैत्रापर्यंतच पुरायचं. बाकी त्या लेखांत खोटं काही नाही. सर उत्तम शिक्षक होते, मला लाभलेले सगळ्यांत उत्तम. फक्त त्यांनी मला फसवलं, हे त्यांत कुणी लिहिलेलं नाही. लिहिणार तरी कसं, लिहिणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं.

१९५६ साली आम्ही जागचे न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, आणि त्याच सुमारास आमचं साधं हायस्कूल बहुउद्देशीय झालं. दोन्ही वेळी पाट्या तेवढ्या रंगवल्या गेल्या. शाळेच्या पाटीवर पेंटरने पहिले शब्द इतके ऐसपैस काढले की 'शाळा' हा शब्द कोपऱ्यात, खाली उतरत जाणारा असा लिहावा लागला. आसपासच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून पोरं येत, कुणी पायी, कुणी सायकलवर डबलसीट. लांबची पोरं ज्वारीचं पीठ घेऊन वसतिगृहात राहत. शाळा एवढी मोठी की पहिल्या रांगेतली प्रार्थना संपायची तेव्हा शेवटची रांग मधल्या कडव्यात असायची. नववीपासून कला, विज्ञान, शेती आणि तांत्रिक असे गट होते. तांत्रिक गटासाठी एक लेथ मशीन आलं होतं. गावात वीज नव्हती. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालत, आणि मी शाळा सोडली तोवर त्याच्याकडून याहून जास्त कसली अपेक्षा कुणी केलेली नव्हती.

शेती गट मात्र खरा होता, कारण उमाळे सर खरे होते. अमरावतीकडचे, शेतकी कॉलेजातून शिकून आलेले. वर्गात छापील मराठी बोलायचे, आणि वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बूट काढून ठेवले की वऱ्हाडी. आम्हालाही चपला काढायला लावायचे. "पायाले माती समजते बाप्पा, डोक्याले नाई समजत," असं म्हणायचे. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान नेहमी उलटून पाहायला सांगायचे, कारण वरून सगळीच पानं चांगली दिसतात आणि मावा खालून बसतो. आठवीत होतो तेव्हा ते आम्हाला सामान्य विज्ञान शिकवायचे, आणि त्यांच्या तासाला हजेरी घ्यावी लागत नसे.

पण मला शेती नको होती. आम्ही आठवीत असताना गावाबाहेर कालव्याच्या पाहणीसाठी माणसं आली होती. तिपाईवर दुर्बीण लावून ती लांबवर रंगीत काठी उभी करत. मी रोज तिथे जाऊन बसे. एके दिवशी त्यांच्यातल्या ओव्हरसियरने मला दुर्बिणीला डोळा लावू दिला. त्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. आमचं गाव, मारुतीचा कळस खाली आणि जमीन वर, असं आभाळातून टांगलेलं मी पाहिलं. मी विचारलं, पाणी कुठून जाईल ते यातून कळतं का? तो म्हणाला, "यातून नाही, गणितातून." त्या संध्याकाळी मी बापाला सांगितलं की मला इंजिनिअर व्हायचं आहे. बापाने विचारलं, "तो काय करते?" मी म्हणालो, कालवे आखते. बाप म्हणाला, "मंग होय."

गणित होतं विज्ञान गटाला. वर्गात माझा पहिला नंबर असे, आणि पहिला नंबर विज्ञानालाच जातो हे गावातल्या बैलांनाही ठाऊक होतं. शेतीला कोण जातं तेही ठाऊक होतं. आणि हुशार पोरं आली नाहीत तर शेती गट बंद होईल, अशी तंबी सरांना वरून मिळाली होती. हे मला नंतर कळलं. त्या उन्हाळ्यात सर सायकल दामटत घरोघर हिंडले. आमच्या अंगणात आले तेव्हा बाप वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, ठोकत होता.

"महादेवराव, पोरगं शेती गटाले द्या," सर म्हणाले.

"त्याले कालवे आखाचे आहेत, मास्तर."

"आखीन ना. शेती गटातून इंजिनिअरिंगले जाता येते. गणित मी सोता वरून शिकवतो. हमी माझी."

बाप ठोकत राहिला. मग त्याने विचारलं, "तुमचा माधव कुठं घालून राह्यले?"

सर हसले. "शेतीलेच. तुमचं पोरगं अन् माझं, एकाच वाफ्यात राहीन."

हे वाक्य निर्णायक ठरलं. आमच्याकडे बियाणं घेताना दुकानदाराचं बोलणं कुणी ऐकत नाही. तो स्वतःच्या वावरात काय पेरतो ते पाहून येतात आणि तेच घेतात. बापाने आयुष्यभर बी याच रीतीने घेतलं आणि तो कधी फसला नव्हता. सर सायकलवर बसून गेल्यावर तो मला म्हणाला, "आपलं पोरगं घालून राह्यला माणूस. अजून काय पाह्यजे?" फक्त एवढंच झालं की दुकानदाराचं वावर पाहून ठरवायचं असतं, आणि इथे पेरणी अजून व्हायची होती.

गटवाटप जूनमध्ये व्हरांड्यात झालं. प्रत्येक गटाचे सर खुर्चीवर बसलेले, त्यांच्या मागे सतरंजी. हेडमास्तर नाव पुकारत आणि मुलगा उठून आपल्या गटाच्या सरांमागे जाऊन बसे. पालक समोर लिंबाखाली. माझं नाव आलं. मी उठून उमाळे सरांच्या मागे गेलो तेव्हा पालकांत कुजबुज झाली, आणि माझ्यानंतर बरीच चांगली पोरं तिकडे आली. गेमसिंग विज्ञानाच्या सतरंजीकडे निघाला होता. मला पाहून वळला. सरांची मान हळूहळू ताठ होत गेली, मागून ते स्पष्ट दिसत होतं. मी शेजारी माधवसाठी जागा धरून ठेवली होती. कुणी बसायला आलं की मी म्हणे, पुढे सरक. नावं संपली. हेडमास्तरांनी कागद दुमडला.

"माधव राह्यला," मी गेमसिंगला म्हणालो.

"त्याचा दाखला परवाच काढला बे. तुले नाई ठाव?"

सगळे पांगल्यावर मी सरांसमोर उभा राहिलो आणि एवढंच म्हणालो, "सर, माधव?" सरांनी बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या. "त्याला ऊन सोसत नाही," ते छापील मराठीत म्हणाले. "मामाकडे राहील नागपूरला. विज्ञान घेईल." माधव भर वैशाखात, दुपारी, नदीच्या डोहात सूर मारायचा. आम्ही सावलीला असायचो.

बापाला मी ते रात्री सांगितलं. तो म्हणाला, "आता सतरंजीवरून उठून येशीन तं मास्तराची इज्जत जाईन." त्याला माझ्यापेक्षा सरांच्या इज्जतीची काळजी का वाटली, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या काळी मास्तराची इज्जत गावाच्या सामाईक मालमत्तेत मोडत असे.

पुढची वर्षं वाईट गेली असं म्हटलं तर खोटं होईल. सरांकडून शिकणं हाच एक आनंद होता. डवरणी, कलमं, माती ओळखणं... मला सगळं आलं, आणि नको असून आलं. वरून गणित शिकवायचं मात्र राहून गेलं. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर बघू म्हणाले, दुसऱ्या वर्षी परीक्षेनंतर. शाळेला पाहुण्यांची रीघ लागली होती. बहुउद्देशीय शाळेतला चालू असलेला उद्देश दाखवायचा तर आमच्याच वाफ्यावर आणावं लागे. सर मला पुढे करत, खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "हा वर्गात पहिला. स्वतःहून शेतीला आला." पाहुणे माना डोलवत. एका साहेबांनी माझ्या वांग्याला चवळी समजून शाबासकी दिली. सरांचा हात खांद्यावर जड असे, आणि तो काढून घेतला की चुकल्यासारखं होई. त्या चुकल्यासारखं वाटण्याएवढी लाज मला त्यानंतर कशाची वाटली नाही.

अकरावी झाल्यावर अमरावतीला गेलो. कॉलेजच्या खिडकीतल्या बाबूने माझे गुण पाहून आधी कौतुक केलं, मग विषय पाहिले. "गणित नाही? इंजिनिअरिंग विसरा." शेतकी कॉलेजात जाता आलं असतं. पण तिथून निघून पुढे सरांसारखं व्हायचं, आणि ते मला नको होतं. मी कलेला नाव घातलं. परतल्यावर तडक शाळेत गेलो. पुन्हा जूनच होता. व्हरांड्यात सर कुण्या फेटेवाल्या गृहस्थाशी बोलत होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "घ्या, हाच आला. पहिल्या नंबरचा, शेतीलेच होता. पुढचा रस्ता खुला राह्यते का नाई, यालेच विचारा."

गृहस्थ माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "काका, पोराला विज्ञानाला घाला. शेतीतून रस्ता नाही. मी आत्ता विचारून आलो."

गृहस्थांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग सरांना पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते. "नापास झाला असन," गृहस्थ समजुतीने सरांना म्हणाले, आणि पोराला शेतीला घातलं.

त्यानंतर मी कितीतरी वर्षं शाळेत पाऊल टाकलं नाही. सर हेडमास्तर झाले. माधव इंजिनिअर झाला, पाटबंधारे खात्यात लागला. आता कालवे त्याच्यासारखे लोक आखतात आणि त्यांची पत्रं मी टाइप करतो. गेमसिंग मात्र सरांकडे जात राहिला. त्याची संकरित ज्वारी पाहायला दुसऱ्या तांड्यांवरून लोक येतात. मी सरांबद्दल काही बोललो की तो म्हणतो, "तुले फसवलं असन. मले शिकवलं. मी काय करू?"

मागच्या दिवाळीत त्यानेच मला ओढून सरांच्या क्वार्टरवर नेलं. सर वाळले होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शंकरपाळे ठेवून आत गेल्या. गेमसिंग बाहेर बैलाची जोडी पाहायला उठला, बहुधा मुद्दाम. मी मग विचारलंच. "सर, माधवला का पाठवलं?"

सरांनी प्रश्न समजला नाही असं दाखवलं नाही, एवढं त्यांना श्रेय दिलं पाहिजे. आतल्या दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "माह्या मनात शेतीच होतं बाबू. खोटं नाई सांगत. पण हिनं दाखला काढाले लावला." मग म्हणाले, "तुया बापाचा माह्यावर भरवसा होता. हिचा नव्हता."

मी शंकरपाळा खाल्ला. त्यांनी माफी मागितली नाही आणि मी ती मागू दिली नसती. बाहेर पडताना गेमसिंग म्हणाला, "झालं का समाधान?" मी म्हणालो, कारण कळलं.

सरांची शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. मंडप, हार, ध्वनिक्षेपक, आणि बोलायला दूरदूरचे लोक. सरांनी स्वतःला मातीत पेरून घेतलं, असं एक पुढारी म्हणाले आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कुणालाच आठवलं नाही. मला जुना विद्यार्थी म्हणून बोलायला सांगितलं होतं. मी घसा बसल्याचं सांगितलं. सभा संपल्यावर माधव स्वतःहून जवळ आला. अंगाने भरलाय, चेहरा सरांचाच. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बाबा तुमचं नाव फार काढायचे. खरं सांगू, मला तुमचा हेवा वाटायचा. मला कुणी काही विचारलंच नाही, उचलून नागपूरला नेलं. तुम्ही निदान आपल्या मनाचं केलंत."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो धरून होता. मी म्हणालो, "हो... चला, काकूंना भेटून येतो." पण काकूंकडे गेलो नाही. मंडपामागून शाळेच्या वावरात उतरलो. पऱ्हाटी फुटली होती आणि शाळेला सुट्टी दिल्यामुळे वेचायला कुणी नव्हतं. मी चपला धुऱ्यावर काढल्या, हे नंतर लक्षात आलं. एक बोंड तोडलं, सरकीवरून रुईची चिमूट ओढली, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ताणली. धागा किती लांब येतो ते पाहायची ही सरांची रीत. त्यांनी ती आम्हाला शिकवली, आणि मला अजून कुठलंही बोंड हातात आलं की ते केल्याशिवाय राहवत नाही. ऑफिसच्या बाहेर उभ्या कापसाच्या बैलबंड्यांजवळून जातानाही हात जातो. धागा चांगला लांब निघाला, तुटला नाही. असा निघाला की सर मागून नुसतं "हं" म्हणत. मी तो उजेडाला धरला आणि तसाच उभा राहिलो.