न बसलेल्या रिंगा

मुलुंडच्या चेकनाक्याजवळ एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं, तरी मॅनेजरसाहेबांनी मला घेतलं. त्या उपकाराखाली मी इतका वाकलो की त्यांचं चुकतंय हे दिसत असूनही गप्प राहिलो. त्याचा राग मला अजून येतो, आणि आधी तो स्वतःचा येतो.

एका ट्रकचं इंजिन आम्ही पूर्ण खोलून बांधलं होतं. सिलिंडर बोअर केले, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या. नारळ फुटला आणि साहेबांनी फर्मान काढलं, "बाळंतिणीसारखं जपायचं. सव्वा महिना वजन उचलायचं नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. पण ही गंमत नव्हती, वर्कशॉपचा तो नियमच होता. सव्वा महिना ट्रक रिकामा, रमतगमत भिवंडीपर्यंत जायचा आणि यायचा. उरलेला वेळ इंजिन आवारात नुसतं चालू ठेवायचं. नव्या रिंगांना खरं तर जोर लागतो. भार पडला की आतल्या दाबाने त्या सिलिंडरच्या भिंतीवर दाबल्या जातात, घासतात आणि नीट बसतात. लाड केले तर भिंतच गुळगुळीत होते, रिंगा बसत नाहीत, ऑईल वर चढून जळतं आणि धूर निळा येतो. हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

सव्वा महिन्यानंतर माल भरून ट्रक कामाला लागला, आणि ऑईल रोज कमी होऊ लागलं. साहेबांनी ड्रायव्हरला जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर उभं केलं. हे ड्रायव्हर मालवणकडचे, पन्नाशीतले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

"नवं इंजिन ऑईल पितं होय रे? कुठे विकतोस, बोल!"

"मागचो धूर बघा साहेब. निळो येता."

"मला शिकवतोस? आठ दिवसांत कबूल कर, नाहीतर गेटच्या बाहेर."

मी तिथेच होतो, हातात डबा घेऊन. संध्याकाळी मामांनी मला गाठलं. "तू शिकलेलो ना? मगे बोललंस कित्याक नाय?"

दुसऱ्या दिवशी मी ऑईल भरायचं झाकण, ते मोजायची डिपस्टिक आणि ते काढायचा खालचा बोल्ट यांतून तार ओवून शिशाची सीलं ठोकली. मग माल भरलेल्या ट्रकमध्ये मामांच्या शेजारी बसून नाशिकला जाऊन आलो. परत आल्यावर सीलं साहेबांसमोरच तोडली. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं, आणि इंजिनाखाली गळतीचा एक थेंब नव्हता.

साहेबांनी डिपस्टिक पुसली. "बरं. रिंगा बदला. विषय संपला."

मी धावत जाऊन मामांना सांगितलं. ते भडकलेच. "चोर म्हटल्यानी सगळ्यांसमोर, आणि नाय म्हणून सांगतंस माझ्या कानात?"

मी तसाच परत केबिनमध्ये गेलो. "साहेब, चोरी झाली नाही, असं लिहून द्या."

"तुला इथे कोणी घेतलं, विसरलास?"

"तुम्ही घेतलंत. जन्मभर विसरणार नाही. पण लिहून द्या."

माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असावा, कारण हातोड्यांचे आवाज थांबले. साहेबांनी दोन ओळी खरडल्या आणि कागद माझ्याकडे फेकला. "तूच वाच जा. मी येणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी बाकावर उभा राहून वाचलं. खाली माझं एक वाक्य जोडलं होतं: रिंगा वर्कशॉपच्या नियमामुळे बसल्या नाहीत, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मामा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मागे ऐकू नाय आलं," ते म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं, या वेळी ओरडून.