तीन पॉइंट एक

डासबाई म्हणूनच तिला सगळे ओळखायचे, आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. वीस वर्षं घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढायचं आणि लॅबमध्ये पोचवायचं, म्हणजे दुसरं काय नाव पडणार? रक्त, लघवी, थुंकी, कशाचीही तिला कधी किळस वाटली नाही. किळस वाटली ती सख्ख्या भावाची.

दादाने भात, पाव, बटाटा, साखर सोडून दोन महिने झाले होते. नुसती अंडी, मांस आणि चीज. सोडलं तर खुशाल सोड बाबा. पण त्याच्या ऑफिसातल्या सात-आठ रिकामटेकड्यांनी शर्यत लावली होती. रोज सकाळी बोट टोचायचं, रक्तातले कीटोन मशीनवर मोजायचे आणि आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. साखर मिळेनाशी झाली की शरीर अंगातली चरबी जाळतं आणि कीटोन वाढतात, म्हणून ज्याचा आकडा मोठा तो शूर! दादाचा आकडा पॉइंट चारच्या वर जायला तयार नव्हता. जाईल कसा? त्याच्या गाडीत बिस्किटांचे रिकामे पुडे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. घरात मात्र धान्याचा कण आणायची बंदी, का, तर ह्याला मोह होतो. वहिनी परगावी नोकरीला, त्यामुळे त्याला बोलणारं कोणी नव्हतं. घरात उरली म्हातारी आई.

त्या गुरुवारी त्याने बहिणीला बोलावून घेतलं. मशीन बिघडलंय, तू रोज हेच करतेस, जरा बघून दे, म्हणाला. बेसिनवर, दात घासायच्या ब्रशांना चिकटून, रक्ताचे बोळे आणि वापरलेल्या पट्ट्या तशाच पडल्या होत्या. शी! तिने हातमोजे चढवून आधी ते उचललं. मग स्वतःचं बोट टोचलं, पॉइंट एक. त्याचं टोचलं, पॉइंट तीन. मशीनला काही धाड भरली नव्हती. पण दादाला पटेल तर ना. आईचं करून बघ, म्हणाला.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिच्यापुढे वाकल्याबरोबर नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास आला. तो वास डासबाई ओळखून होती, कीटोन फार वाढले की श्वासाला येतो तो. मशीनवर आकडा उमटला तीन पॉइंट एक.

दादा मागून डोकावला आणि चाटच पडला. आई, तू खातेस तरी काय, असं त्याने अगदी कौतुकाने विचारलं.

डासबाईने साखर तपासली. मधुमेह नव्हता, साखर उलट कमीच होती. मग एकच कारण उरत होतं, उपासमार. तिने विचारलं तर आई आधी म्हणाली, पोट भरलेलंच असतं. खोदून विचारल्यावर कुठे खरं बाहेर आलं. दाताची कवळी महिन्याभरापासून सैल झाली होती. मांस चावत नव्हतं, अंड्याने मळमळायचं. ताटातलं ती गुपचूप खालच्या मांजराला घालायची आणि बिनसाखरेच्या चहावर दिवस काढायची. तो एवढा नेमाने करतोय, त्यात आपलं रडगाणं कशाला, म्हणून गप्प.

हे ऐकलंस का, असं विचारायला ती दादाकडे वळली. तो मशीनचा फोटो काढत होता. आईच्या रक्ताचा आकडा त्याने स्वतःच्या नावावर ग्रुपवर टाकलासुद्धा, आणि वाहवा वाचून हसत होता. डासबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईची पिशवी भरून तिने आईला आपल्या घरी आणलं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, एकदम नको, थोडं थोडं द्या. संध्याकाळी तिने मऊ भात केला, पेजेसारखा पातळ. आईने दोन चमचे खाल्ले, तिसरा भरला, आणि दादाचा फोन आला. हात खरकटे म्हणून डासबाईने तो स्पीकरवर घेतला. आई कशी आहे, हे त्याने विचारलंच नाही.

"रविवारी शर्यत संपतेय. तोवर तिला भात देऊ नकोस. रोज सकाळी येऊन मी फक्त एक थेंब घेऊन जाईन."

तिने कोपरानेच फोन बंद केला. पण आईने ऐकलं होतं. आईने हातातला चमचा वाटीत ठेवला आणि वाटी हळूच पुढे सरकवली.

"तीनच दिवस आहेत ना," आई म्हणाली. "राहीन की मी."