पालीची झेप

कॉलेजात त्याला सगळे पाठीमागे ‘जवळजवळ सर’ म्हणत, आणि त्याच्या मते नाव चपखलच होतं. प्रबंध कुठवर आला, असं कुणी विचारलं की नऊ वर्षं तो एकच उत्तर देत होता: जवळजवळ झालाच. आता मार्गदर्शक बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्याआधी त्यांची सही झाली नाही, तर सगळी मेहनत पाण्यात.

विषय होता पाल. किडा दिसल्यावर ती कधी सरकते, कधी झेपावते, हे कॉम्प्युटरला शिकवायचं, तेही फझी लॉजिकनं. साध्या लॉजिकला हो किंवा नाही एवढंच कळतं. फझीला ‘थोडं जवळ’, ‘बरंच जवळ’ही चालतं. असं गुळमुळीत शास्त्र खास आपल्यासाठीच जन्माला आलंय, अशी त्याची खात्री होती. प्रयोगशाळेच्या ट्यूबलाइटखाली बसून त्यानं दीडशे झेपा वहीत टिपल्या होत्या. पण किती अंतराला किती ‘जवळ’ म्हणायचं, हे आकडे तज्ज्ञानं द्यायचे असतात. तज्ज्ञ म्हणून त्यानं स्वतःलाच नेमलं.

परिणाम असा, की पडद्यावरची पाल सरकायची, थांबायची, आणखी थोडं सरकायची, तोवर किडा पसार. खरी असती तर उपाशी मेली असती.

बायको पोहायला शिकवायची. काठावर थबकलेल्याला कधी ‘मार उडी’ म्हणायचं, हे तिचं रोजचं काम. रविवारी तिनं पडद्याकडे पाहिलं.

“ही थांबलीये का?”

“अजून पुरेशी जवळ नाही ना.”

“अहो, किडा तिच्या नाकावर बसलाय. लग्नाचं विचारायला तुम्ही चार वर्षं घालवलीत, शेवटी मीच विचारलं. हे आकडे पालीचे नाहीत, तुमचे आहेत.”

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्यानं वही तिच्यापुढे सरकवली. तिनं ती वाचून तासाभरात नवे आकडे दिले. संध्याकाळी पडद्यावरची पाल झेपावली, आणि वहीतल्या नोंदींशी जवळपास प्रत्येक वेळी जुळली. त्याला आनंद झाला, लाजही वाटली. लाज जरा जास्तच.

शेवटच्या दिवशी बाईंनी प्रबंध चाळला.

“आकडे देणारे तज्ज्ञ कोण?”

“माझी बायको.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, सही केली आणि टोपण लावत विचारलं, “मग नऊ वर्षं त्यांना विचारलं का नाहीत?”

“जवळजवळ विचारलंच होतं,” तो म्हणाला.