जड डबा वरच्या खणात

“नंद्या, हा जड डबा वर कोणं चढवला बे? अन् दारात पिकअप काऊन लावली तुनं?”

ओरडत होतो मी. माझा दोस्त विजय याची तेरवी आदल्या दिवशीच आटोपली होती, आणि देऊळघाटच्या त्याच्या स्टुडिओत त्याच्या मेव्हण्यासमोर मी फौजदार होऊन उभा होतो. “दादा, तेरवीच्या खुर्च्या न्यायले आलो ना मी,” नंदू म्हणाला. शेगावात मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारा माणूस मशिनींनी भरलेल्या घरी येतो आणि नुसत्या खुर्च्या नेतो? हे मला पटेना.

घराच्या मागच्या खोलीला चारी बाजूंनी गाद्या ठोकून विजयनं हा स्टुडिओ उभा केला होता. आत इतकी शांतता, की डाससुद्धा चावायच्या आधी परवानगी मागायचा. भजनी मंडळं, बियाण्यांच्या जाहिराती, सरपंचांचा प्रचार, पंचक्रोशीचा सगळा आवाज इथंच रेकॉर्ड व्हायचा. मधोमध कमरेएवढा लोखंडी रॅक. एकेक मशीन खणासारखं आत सरकवायचं आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळायचे. विजयचा कायदा ठरलेला : जड खाली, हलकं वर, मध्ये बोटभर हवा. अॅम्प्लिफायर म्हणजे साक्षात जात्याचा दगड, तो तळाला. एकदा शेजाऱ्याची म्हैस आत घुसून रॅकवर रेलली. रॅक जागचा हलला नाही, म्हैसच पडली! मशीन बसवताना खालून धरायचं काम माझं. “बोलू नको बे, तू बोलला की डबा हालते,” तो म्हणायचा... आयुष्यात मी गप्प बसलो असेन तर तेवढाच वेळ. आज हे सांगताना त्याला जाऊन महिना उलटलाय, तरी कुणी काही जड उचलताना दिसलं की माझे हात आपोआप खाली जातात.

मग त्याची किडनी बिघडली, आणि शेवटच्या काही महिन्यांत त्यानं स्टुडिओचं दार मला बंद केलं. “आज नको, मंग ये.” दाराला कान लावावा तर गाद्यांमुळे काही ऐकू येईना, त्यामुळे संशय दुप्पट. माझ्या जागी यानं दुसरा कोणी धरला... अर्ध्या देऊळघाटावर माझा संशय घेऊन झाला.

आणि तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहतो तर हे असं. अॅम्प्लिफायर सगळ्यात वर, रॅक भिंतीला पट्ट्यांनी जखडलेला, प्रत्येक बटणाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका. म्हणजे नंदूनं उचलायच्या मालावर खुणासुद्धा करून ठेवल्या! मी रॅकला पाठ लावून उभा राहिलो. “वहिनीचं पोट हाय याच्यावर. एक स्क्रू हालला तर पाह्य!”

तेवढ्यात संगीतावहिनी, विजयची बायको, चौकट धरत आत आली. मला बाजूला सारून विजयच्या खुर्चीत बसली. एकेक मशीन चालू केलं, शेवटी बसल्या जागेवरून वरचा अॅम्प्लिफायर. बटण फिरवून बरोबर लाल ठिपक्यावर आणलं.

“उद्या रोहिणखेडचं भजनी मंडळ येऊन राह्यलं,” ती म्हणाली. “गुडघ्यानं मले वाकता येत नाही, म्हणून मले शिकवताना तुमच्या दोस्तानंच तो वर घेतला, पडू नये म्हणून रॅक भिंतीले बांधला. ठिपके माहेच.”

नंदू गुपचूप खुर्च्या उचलायला लागला. मी मात्र पेटलेलाच. “मंग मले काऊन दार बंद? मी धराले आलो असतो ना!”

हेडफोन कानावर चढवत वहिनी म्हणाली, “तुम्ही असते तर मले काही करू दिलं नसतं.”