गाडी ग्लेनिसची

आमच्या किडरमिन्स्टरमध्ये कुठल्याही गल्लीत जा, एक तरी नवरा असा सापडतोच, ज्याच्या गॅरेजमध्ये चादरीखाली जुनी गाडी असते आणि जो 'येत्या उन्हाळ्यात' तिला हात लावणार असतो. उन्हाळे येतात, जातात. गाडीवर आधी रंगाचे डबे चढतात, मग नाताळच्या झाडाची खोकी, मग मुलांच्या मोडक्या सायकली. माझ्या शेजारच्या घरातला असा नवरा म्हणजे रॉय पार्ट्रिज. फरक एवढाच की चादरीखालची गाडी त्याची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची होती, आणि हे सगळे विसरून गेले होते, रॉय धरून.

ग्लेनिसने ती लाल, उघड्या छताची, दोनच माणसांची एमजी लग्नाआधी घेतली होती, गालिच्यांच्या कारखान्यातल्या स्वतःच्या पगारातून. बापाने त्यावरून तिच्याशी अबोला धरला होता. मग लग्न झालं, दोन मुलं झाली, दोन सीटांवर चार माणसं मावेनात आणि गाडी गॅरेजमध्ये गेली. "जरा पोरं मोठी होऊ देत, मी स्वतः नीट करून देतो," असं रॉय म्हणाला होता. पोरं मोठी झाली, थोरल्याला टक्कलसुद्धा पडलं. रॉयने पाना काही उचलला नाही.

ग्लेनिस पासष्टी ओलांडून गेल्यावर एका रविवारी, भरल्या ताटावर, रॉयने तिला सांगितलं की गाडीचा सौदा झालाय. जुन्या गाड्यांच्या क्लबातला क्लाइव्ह शनिवारी येऊन ती नेणार, इंजिन आणि चाकं काढून घेणार, बाकीचा सांगाडा भंगारात. खिडकी उघडी होती आणि मी कुंपणापाशी वाटाण्याच्या शेंगा तोडत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"कुणाला विचारलंस?" ग्लेनिस म्हणाली.

"अगं, त्यात विचारायचं काय? गंजून चाळण झालीय तिची."

"गाडी कुणाची आहे, रॉय?"

"आपली."

"आपलं ते कुत्रं होतं. गाडी माझी आहे."

शनिवारी क्लाइव्ह गाडी वाहायचा ट्रेलर घेऊन आला तेव्हा ती गॅरेजच्या दारात आडवी खुर्ची टाकून चहा पीत बसली होती. क्लाइव्ह समजुतीच्या सुरात म्हणाला, "ग्लेनिस, ही आता रस्त्यावर यायची नाही. पत्र्याला बोट लाव, आरपार जाईल."

"तुझं बोट तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली, आणि कपात आणखी चहा ओतून घेतला.

त्या हिवाळ्यात तिने कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात वेल्डिंग शिकायला नाव घातलं. वर्गातली पोरं तिच्या नातवाच्या वयाची. पहिल्या महिन्यात तिने दोन ब्लाउज जाळले, एक भुवई घालवली. रॉय तिला 'राणीसरकार' म्हणू लागला. "राणीसरकार, आज राज्यात काय जळलं?" ती सकाळी माझ्याकडून विजेची लांब वायर मागून न्यायची आणि गॅरेजचं दार लावून घ्यायची. मला कौतुक वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा, खरं सांगते. मी त्या वयात फक्त नवऱ्यावर चिडायला शिकले होते.

वसंतात तिने दोन्ही बाजूंचे उंबरे बदलले. दारांखाली गाडीच्या लांबीने पत्र्याची एक पोकळ पेटी असते, तो तिचा उंबरा. घराचा उंबरा नुसता पायाखाली असतो, पण ज्या गाडीला छत नाही तिचा सगळा भार या दोन पेट्यांवर असतो. गंज नेमका तिथेच लागतो. ग्लेनिसने गाडी पुढून आणि मागून लोखंडी घोड्यांवर चढवली, काम सोपं जावं म्हणून दारं काढून ठेवली, आणि दोन्ही बाजूंचे जुने उंबरे एकदमच कापून टाकले. मग आठवडेच्या आठवडे खपून नवे जोडले. तिचा तो सांधा मी बोटाने चाचपून पाहिला होता. वर्गातली पहिली जाळपोळ आठवली, तर हे तिच्याच हातचं आहे यावर विश्वास बसला नसता.

मग दारं बसवायचा दिवस आला, आणि दार लागेना. वरचा कोपरा मागच्या पत्र्यात रुतून बसायचा. दुसरं दारही तसंच. रॉयने क्लाइव्हला बोलावून घेतलं. तो गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटून गाडीच्या बाजूने पाहिलं आणि त्याला हसू आवरेना.

"दोन्ही उंबरे एकदम कापलेस? मध्ये आडव्या सळया न लावता?"

"हो."

"मग बसली की तुझी गाडी. जुन्या पलंगासारखी मधून बसली, आणि तू तिला तशीच पक्की जोडून टाकलीस. अगं, क्लबातले निम्मे लोक आयुष्यात एकदा ही चूक करतात. आणि मग गाडी मला विकतात."

रॉय म्हणाला, "हौस फिटली ना? दे आता."

मला वाटलं, ग्लेनिस आता रडणार. तिने रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "बाक माझ्या हातानं आलाय ना? मग माझ्याच हातानं जाईल. क्लाइव्ह, बाहेर जाताना दार ओढून घे. ते तरी लागतं."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचेच सांधे कापायला घेतले. ते मला बघवलं नाही. पण नंतर मीच दार धरायला जाऊ लागले. ती गाडीच्या पोटाखाली जॅक लावून तिला केसभर उचलायची, मी दार बिजागरीवर धरायचे, ती फटीतून जेवणाची सुरी फिरवून बघायची. सुरी अडली की पुन्हा दार उतरव, पुन्हा केसभर उचल. माझे खांदे भरून यायचे. "तुला कंटाळा आला असेल तर जा," ती म्हणायची. मी म्हणायचे, "गप गं, सुरी फिरव." सुरी वरपासून खालपर्यंत सरळ फिरली त्या दिवशी आम्ही दोघी जमिनीवर बसून एक अख्खा केक खाल्ला. मग गाडी पुन्हा बसू नये म्हणून तिने दारांच्या जागी आडव्या सळया जोडल्या आणि या खेपेला एका वेळी एकच बाजू केली.

पुढल्या जुलैत, इंजिन दुरुस्त होऊन नवा लाल रंग चढलेली गाडी ब्यूडली गावी नदीकाठच्या कुरणावर क्लबाच्या प्रदर्शनात उभी होती. तिथली रीत अशी की गाडीचं बॉनेट उघडून ठेवायचं, मागे घडीच्या खुर्च्या टाकून थर्मासातला चहा प्यायचा आणि शेजाऱ्याच्या गाडीत खोट काढायची. रॉय नवं जाकीट घालून आला होता. दुपारी क्लबाचे अध्यक्ष, वूस्टरचे एक म्हातारे गृहस्थ, हातात कर्णा आणि निळी फीत घेऊन आमच्यासमोर थांबले. शेजारी क्लाइव्ह होता. ग्लेनिस फडक्याने दार पुसत होती.

"घरी दुरुस्त केलेली यंदाची सगळ्यात सुंदर गाडी," अध्यक्ष कर्ण्यातून म्हणाले आणि रॉयचा हात हातात घेतला. "शाब्बास, मिस्टर पार्ट्रिज. आणि मिसेस पार्ट्रिज, इतके दिवस नवरा गॅरेजात सहन केलात, तुमचंही कौतुक केलं पाहिजे."

लोक हसले. मी क्लाइव्हकडे पाहिलं, तो आपल्या बुटांकडे बघत होता. मी रॉयकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. रॉयने फीत घेतली आणि म्हणाला, "वेळ लागला जरा."

ग्लेनिसने फडक्याची नीट घडी केली. बॉनेट खाली घेतलं. गाडीत बसली, दार एका हाताने ओढलं, ते पहिल्या झटक्यात लागलं. इंजिन सुरू झालं तसे लोक बाजूला सरले, आणि ती कुरणावरून सरळ रस्त्याला लागली. मागे घडीच्या दोन खुर्च्या, थर्मास आणि नवरा. रॉयला माझ्या गाडीतून घरी सोडणं मला सहज जमलं असतं. मी त्याला बसचा थांबा कुठे आहे ते सांगितलं.

रात्री तिचा फोन आला, वेल्समधून, बारमथच्या किनाऱ्यावरून. "समुद्रासमोर बसून चिप्स खातेय," ती म्हणाली.

"रॉयला काय सांगू?"

"काही नको. त्याला तोंड आहे, ते कधी उघडतं ते बघू."

दोन दिवस रॉय घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या बागेत झाडांना पाणी घालत होता तेव्हा क्लाइव्ह आला, बरोबर एक सुटाबुटातला माणूस. प्रदर्शनात गाडी पाहून तो वेडा झाला होता म्हणे.

"बोल रॉय, काय घेणार?" क्लाइव्ह म्हणाला. "तू सांगशील ते द्यायला हे तयार आहेत."

रॉयने नळी खाली ठेवली. मी कुंपणाच्या अलीकडे उभी होते.

"मला काय विचारतोस? गाडी ग्लेनिसची आहे."

"अरे हो, पण तू—"

"मी तिच्यात एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. उलट हसलो. तूही हसलास. आणि त्या दिवशी आपण दोघं तोंड मिटून उभे राहिलो." त्याने नळ बंद केला. "ती फीत मी आज सकाळी अध्यक्षांना परत देऊन आलो. खरं काय ते सांगून आलो."

सुटातला माणूस चुळबुळला. "मग बाई कधी भेटतील?"

"ते मला माहीत नाही," रॉय म्हणाला. "गाडी तिची आहे. तिला वाटेल तेव्हा येईल."