स्वेटरची बटणं

सांगलीला माझी लेक वैशाली ज्या विशेष मुलांच्या शाळेत जायची, तिथं एक बाई होत्या. मुलं बूट घालू लागली, डबा उघडू लागली, की त्या समोर बसून स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवायच्या. "न्हाईतर हात आपसूक पुढं जात्यात," म्हणायच्या.

थंडीत एकदा मी वैशालीला न्यायला गेले. ती दारात स्वेटरची बटणं लावत होती. दोन लागली होती, तिसरं सारखं निसटत होतं. बाई पायरीवर बसून बघत होत्या. विट्याची एसटी चुकेल म्हणून मी वाकले आणि सगळी बटणं भराभर लावून टाकली.

बाई म्हणाल्या, "आवं, आज पैल्यांदाच तिनं आपणहून सुरुवात केली हुती."

एवढ्याशा बटणापायी एसटी सोडायची का, असं मनात म्हणत मी निघाले. त्याच वर्षी प्रवास झेपेना म्हणून शाळा सोडवली. बाई परत भेटल्या नाहीत.

वैशाली आता सव्वीस वर्षांची आहे. हल्ली मला कसलीच घाई नसते. पण ती बटणाला हात लावत नाही. हनुवटी वर करून माझ्यापुढं येऊन उभी राहते.