मामंजींची अनोळखी माणसं

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ओळखीच्या माणसांत काडीचा रस नव्हता. ते कचेरीत कारकून. निजाम सरकारची सुट्टी शुक्रवारी असे. बाकीचे कारकून त्या दिवशी ताणून देत. हे कॅमेरा घेऊन मानवतच्या बाजाररस्त्यावर उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा फोटो काढत. तोही फुकट. अट एकच, माणूस अनोळखी हवा. कोणी नाव सांगू लागला की त्याला थांबवत. "नाव नका सांगू. नाव कळलं की तुमी बी वळखीचे व्हताल."

हे फोटो आमच्या बैठकीत लागत. आमच्या एकाही पूर्वजाला त्या भिंतीवर जागा मिळाली नव्हती. एकदा नणंदेला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी पेडगावच्या मिरचीवाल्याला थोरले आजोबा समजून हात जोडले. मामंजींनी चूक दुरुस्त केली नाही. "मानूस चांगलाच असंल," एवढंच म्हणाले. लग्न मात्र जमलं.

परक्यांशी ते फार गोड बोलत. घरी येईपर्यंत तो गोडवा संपलेला असे. 'चहा', 'टोपी', 'दिवा' एवढ्या शब्दांवर त्यांचा संसार चाले. सासूबाईंचं वर्षानुवर्षांचं एकच मागणं होतं, "माझा बी एक काढा की." उत्तर ठरलेलं, "तुला तर रोजच बघतो." राग मला येई.

शेवटी एका शुक्रवारी त्या माझं लुगडं नेसल्या, पदर नाकापर्यंत ओढला आणि कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत थेट फोटोसाठी मांडलेल्या स्टुलावर जाऊन बसल्या. मी एका दुकानाच्या आडोशाला उभी होते. मामंजींनी ओळखलं नाही.

"अक्का, उनात बसायलात, पानी आनू का? भिऊ नका, लय येळ लागत न्हाई." आणि स्वतः दुकानातून तांब्या भरून आणला. सासूबाई सावकाश प्याल्या. त्यांनी पदर मागे घेतला तोवर मामंजी काळ्या कापडाखाली शिरले होते, आणि त्या कॅमेऱ्यात माणूस उलटा दिसतो.

संध्याकाळी जळण ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुताना त्यांना बायको सापडली. ओला कागद घेऊन ते चुलीपाशी आले.

"ही तू व्हतीस?"

"व्हय," सासूबाई भाकरी थापत म्हणाल्या. "तुमी बायामानसाशी लय चांगलं बोलता की. मला म्हाईतच नव्हतं."

मामंजींनी कागद चुलीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिला. म्हणाले, "भिंतीवर मधोमध लावतो."

"नको. तिथं लावला की रोजचा व्हईल." फोटो वाळवून त्यांनी आपल्या पेटीत ठेवला.

साऱ्या तालुक्याला उन्हात बसवणारा हा माणूस आता "जरा दाखव की" म्हणत बायकोच्या मागे फिरू लागला. त्या कधी दाखवत, कधी "आता सैपाक हाय" म्हणून पिटाळत. त्या घरात इतकं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटे.

निजामी संपायच्या वर्षी रझाकारांच्या भीतीने बाजार ओस पडले, आणि त्याच उन्हाळ्यात सासूबाई तापाने गेल्या. तेरावा झाल्यावर मी पेटीची किल्ली मामंजींच्या हाती दिली. त्यांनी पेटी उघडली, वरची लुगडी बाजूला केली. फोटोची कड दिसली, तिथे हात थांबला. पेटी लावून त्यांनी किल्ली मला परत दिली.

"ऱ्हाऊ दे, सूनबाई. तिला न इचारता कसं बघू?"